पायची जादू आणि देवळालीची वजाबाकी

१४ मार्च जवळ आला की मोबाईलवर हमखास एक फॉरवर्ड येऊन आदळतो. पायच्या दशांश आकड्यांमध्ये तुमची जन्मतारीख आहे, तुमचा फोन नंबर आहे, तुम्ही अजून न केलेल्या लग्नाची तारीखही आहे, वगैरे. (पाय म्हणजे भूमितीतला, ३.१४१५९ वाला. चालायचा नव्हे.) वाचून 'वॉव' म्हणायचं आणि आणखी दहा जणांना पाठवायचं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. आपण सगळे सॉफ्टवेअरवाले, आकड्यांशी लाडीगोडी हा आपला छंदच.

तक्रार सुरू होते ती ही जादू एसटीत बसून धडगावला जाते तेव्हा.

मी मूळचा शहाद्याचा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्याआधी आम्ही 'धुळे जिल्हा' असंच लिहायचो. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेत हा जिल्हा राज्यात सगळ्यात खाली होता, ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्याची सरासरी ८२ असताना. त्यामुळे पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवार जोडून 'काहीतरी करायला' येणाऱ्यांची इकडे वर्दळ असते. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पुण्याहून रात्रभर प्रवास करून सातपुड्याच्या घाटात शिरणं हे काही ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून देशाची चिंता करण्याइतकं सोपं नाही. पण त्यांच्या गणिताच्या पिशवीत काय असतं? पायचे हजार आकडे छापलेलं पोस्टर. 'शोधा तुमचा वाढदिवस!' पोरं शोधतात, सापडला की ओरडतात, बिस्किटं खातात, गाडी परत जाते.

मला वाटतं हे चुकीचं गणित आहे. उत्तर चुकलंय असं नाही, प्रकारच चुकलाय. कसा ते जरा विस्ताराने सांगतो.

आधी पायची बाजू इमानदारीने मांडू. पायच्या आकड्यांतून पूर्णांकांच्या भन्नाट मालिका निघतात, त्यात वाद नाही. दशांश चिन्हानंतर मोजायला सुरुवात करा. १६९ ही संख्या पहिल्यांदा कुठे दिसते? ४० व्या जागी. मग ४० कुठे दिसते? ७० व्या जागी. ७० दिसते ९६ व्या जागी, ९६ दिसते १८० व्या जागी, १८० थेट ३६६४ व्या जागी... असं उड्या मारत मारत विसाव्या उडीला आपण पुन्हा १६९ वर येतो! शेवटची उडी ९३८५ ची, ती बरोब्बर १६९ व्या जागेपासून सुरू होते. साप स्वतःची शेपटी गिळतोय. पहिल्या चार उड्या आणि ही शेवटची मी कागदावर मोजून पाहिल्या आहेत, तुम्हीही पाहा. पायचे दोनशे आकडे पुरतात.

दुसरी मालिका स्वतःच्याच पत्त्यावर राहणाऱ्या संख्यांची. १ हा आकडा पहिल्या जागी आहे. १६४७० ही संख्या १६४७० व्या जागी सुरू होते. ४४८९९ ही ४४८९९ व्या जागी. नंतर एकदम ७९८७३८८४. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थिदशेत जमवायला घेतलेला आणि १९९६ पासून इंटरनेटवर असलेला पूर्णांक-मालिकांचा कोश आहे ना, साडेतीन लाखांहून जास्त मालिकांचा, त्यात हीसुद्धा दिमाखात बसली आहे.

आता 'का?' असं विचारून बघा.

१६४७० च का? उत्तर नाही. म्हणजे एक उत्तर आहे, पण ते ऐकून मजा जाते. पाच आकडी संख्या नव्वद हजार. त्यातली कुठलीही एक ठरलेल्या जागी येण्याची शक्यता लाखात एक. नव्वद हजार गुणिले लाखात एक म्हणजे ०.९. म्हणजे प्रत्येक लांबीच्या संख्यांमध्ये अशी साधारण एक सापडावी, कधी दोन, कधी एकही नाही. पायच्या जागी रात्रभर फासे टाकून आकडे लिहिले असते तरी हेच झालं असतं. यात पायचं कर्तृत्व काहीच नाही! आणि 'पायमध्ये प्रत्येक संख्या असतेच' हे तर आजपर्यंत कोणी सिद्धही केलेलं नाही. सहा आकडी जन्मतारखा सापडतात कारण तेवढे आकडे काढून तपासून झालंय. त्यापुढचं सगळं 'असावं बुवा' या सदरात मोडतं.

म्हणजे धडगावच्या पोराला आपण नेऊन काय दिलं? एक योगायोग, ज्याचं कारण त्याला सांगता येत नाही, आपल्यालाही येत नाही. त्याने फक्त आ वासायचा. मोठ्या लोकांकडे बघून आ वासायची सवय त्या भागाला आधीच पुरेशी आहे.

उलट सगळ्याच स्थिरांकांचे आकडे असे मुके नसतात. १ भागिले ८१ करून बघा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... आठ कुठे गेला? कोणी पळवला नाही. ०, १, २, ३ असं ओळीने लिहीत गेलात की नऊनंतर दहा येतो, तो एका घरात मावत नाही, त्याचा हातचा नऊवर जातो, नऊचा दहा होतो, त्याचा हातचा आठवर जातो, आठाचा नऊ होतो. बस्स. आठाच्या गायब होण्यामागे कारण आहे आणि ते तिसरीतल्या बेरजेचं आहे. मला मुलांच्या हातात द्यायचंय ते हे.

आणि हे देणारा माणूस लांबचा नाही, नाशिकजवळचाच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १७ जानेवारी १९०५ ला डहाणूत जन्म, फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. विद्यापीठात जागा नाही, पीएचडी नाही, काही नाही. जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनात (आजचं डोंबिवली) एक कल्पना सुचली म्हणून त्या संख्यांना 'डेमलो संख्या' म्हणून मोकळे झाले. ज्या संख्येत आपल्याच आकड्यांची बेरीज मिळवून दुसरी कुठलीच संख्या येऊन पोचत नाही (२०, ३१, ४२, ५३...) तिला 'स्वयंभू' म्हणाले आणि देवळालीचंही नाव दिलं. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते दिसले. आपल्याकडच्या पंडितांना तोवर हा सगळा पोरखेळ वाटत होता. काहींना अजूनही वाटतो. त्यावर पुढे येतोच.

६१७४ बहुतेकांनी ऐकलं असेल. कापरेकरांना हे १९४९ च्या सुमारास सापडलं. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतं, आणि तिथून हलत नाही: ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. एकच पथ्य, मध्ये ९९९ आलं तर ०९९९ लिहायचं, शून्य टाकायचं नाही.

आपल्यातले निम्मे लोक इथे लगेच पायथॉन उघडतात. दहा ओळींचा प्रोग्रॅम, दहा हजार संख्या, अर्ध्या सेकंदात 'ट्रू'. झालं? छे! हे पुन्हा पायच्या पोस्टरसारखंच झालं की. यंत्राने सांगितलं, आपण मान डोलावली.

जरा थांबून वजाबाकीकडे बघा. उतरत्या क्रमातले आकडे क, ख, ग, घ समजा. वजाबाकीचं उत्तर फक्त दोन अंतरांवर ठरतं: पहिला आणि शेवटचा यांतलं अंतर गुणिले ९९९, अधिक मधल्या दोघांतलं अंतर गुणिले ९०. बाकी कशाशी संबंध नाही. ८५२१ घ्या नाहीतर ९६३२, बाहेरचं अंतर ७ आणि मधलं ३, उत्तर एकच. बाहेरचं अंतर १ ते ९, मधलं शून्यापासून बाहेरच्या अंतरापर्यंत. मोजा: २ + ३ + ४ ... + १० = ५४. म्हणजे दहा हजार संख्यांचा प्रश्न ५४ वजाबाक्यांवर आला. आणि ५४ वजाबाक्यांना कॉम्प्युटर लागत नाही. एक वर्ग लागतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जी फारशी सांगितली जात नाही. ६१७४ एकटं नाही. त्याच्या पोटात ३ आणि ६ सरकवा: ६३१७६४. सहा आकड्यांत हेही न हलणारं! ७६६४३१ वजा १३४६६७, करून बघा. अजून एक जोडी सरकवा: ६३३१७६६४. तेही. अजून एक: ६३३३१७६६६४. तेही. हवं तेवढं ताणा, प्रत्येक संख्या आधीचीच आकृती आतून वाढवलेली.

का? इथे 'का' ला उत्तर आहे. दोन वजाबाक्या एकाखाली एक मांडा. सरकवलेल्या आकड्यांमुळे दोन नवी घरं तयार होतात. डावीकडच्या घरात ६ मधून ३ गेले, उरले ३. उजवीकडच्या घरात ३ मधून ६ जात नाहीत, उसने घ्यावे लागतात, आणि आपणही शेजाऱ्याला एक आधीच दिलेला असतो: १३ उणे ७, उरले ६. म्हणजे ३ आणि ६ आत टाकले तर ३ आणि ६ च बाहेर आले, आणि उसनवारी जशी आली तशी पुढे गेली, बाकीच्या घरांना पत्ताही लागला नाही. एकदा चाललं म्हणजे दहादा चालेल, लाखदा चालेल. ही झाली अनंत संख्यांबद्दलची सिद्धता, आणि लागलं काय? हातच्याची वजाबाकी. यत्ता तिसरी.

तीन आकड्यांचं ४९५ असंच वागतं: ४९५, ५४९९४५, ५५४९९९४४५. याचं कारण मी सांगत नाही. रविवार आहे, कागद घ्या :)

आता पंडितांचा आक्षेप. हे सगळं दहाच्या पायावर अवलंबून आहे, माणसाला बारा बोटं असती तर ६१७४ ला कोणी विचारलं नसतं, म्हणून हे खरं गणित नव्हे. आक्षेप घेणारा माणूस लहानसहान नाही. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे हार्डी. १९४० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी उदाहरणच दिलं आहे: चार आकडी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच अशा, की ज्या आपल्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत. ८७१२ म्हणजे २१७८ च्या चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ च्या नऊपट. कोडी छापणाऱ्या सदरांना ठीक, गणितज्ञाला यात काही नाही, असा त्यांचा सूर.

एकट्या-दुकट्या चमत्काराबद्दल हार्डींचं मला शंभर टक्के पटतं. माझी पायबद्दलची तक्रार तीच आहे. पण साहेब दोन संख्यांवर थांबले. २१७८ च्या मध्ये एक ९ सरकवा: २१९७८ ची चौपट ८७९१२. पुन्हा उलटी! दोन ९ सरकवा: २१९९७८ ची चौपट ८७९९१२. १०८९ चंही तेच, १०९८९ गुणिले ९ म्हणजे ९८९०१. ज्याला त्यांनी सुटा योगायोग म्हणून बाजूला ठेवलं त्याच्यामागे अख्खं घराणं उभं होतं, आणि त्या घराण्याला कारण होतं. मला वाटतं हा दोन प्रकारच्या माणसांमधला फरक आहे. देवळालीच्या मास्तरांनी तिथे आणखी एक ९ सरकवून बघितला असता.

राहता राहिला पायाचा प्रश्न. (पुन्हा पाय! हा वेगळा.) आपण हेक्साडेसिमलवाले लोक, आपल्याला कोण घाबरवणार? सोळाच्या पायावर तीन आकड्यांचं घ्या: एफ८७ वजा ७८एफ. उत्तर ७एफ८. तेच आकडे! ४९५ म्हणजे निम्म्यातून एक कमी, मग सगळ्यात मोठा आकडा, मग निम्मा. ७एफ८ म्हणजे अगदी तेच. कुठलाही सम पाया घ्या, हेच सूत्र चालतं. म्हणजे बारा बोटं असती तर कापरेकरांना दुसरा आकडा सापडला असता, गणित मात्र तेच. आक्षेपात दम नाही.

हे सगळं पाठ करून मी गेल्या वर्षी धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गेलो. माझा मावसभाऊ तिथे शिकवतो. सातवीचा वर्ग, पट सत्तावीस. घरी पावरी बोलणारी मुलं. त्यांची अडचण गणिताची नसते हे मी लहानपणापासून बघत आलोय. आठवडे बाजारात आमचुराचा हिशेब हीच पोरं आईबापाला तोंडी करून देतात. अडचण होते ती 'एका आयताकृती मैदानाभोवती समान अंतरावर खांब रोवायचे असल्यास' अशा वाक्यांची, जी मराठी घरातल्या मुलालाही दोनदा वाचावी लागतात. ६१७४ ला वाक्यच लागत नाही. मोठ्यातून लहान वजा, परत तेच. भाऊने एकदा पावरीत सांगितलं आणि विषय संपला.

सत्तावीस मुलं, चोपन्न वजाबाक्या. प्रत्येकी दोन चिठ्ठ्या. हा हिशेब इतका चपखल जुळला की मला तो चक्क पायछाप योगायोग वाटला! चिठ्ठीवर दोन अंतरं: समजा ५ आणि ३. मुलाने ९९९ ची पाचपट आणि ९० ची तिप्पट मिळवायची, ५२६५. आकडे लावायचे, ६५५२. नवी अंतरं ४ आणि ०. मग '४, ०' ची चिठ्ठी कोणाकडे आहे ते वर्गभर ओरडत शोधायचं आणि तिच्यापर्यंत खडूने फरशीवर बाण काढायचा. तिथून '६, ३', तिथून '४, २', तिथून '६, २'. आणि '६, २' चा बाण स्वतःकडेच वळतो, कारण तेच ६१७४. पाऊण तासात फरशी बाणांनी भरली. नद्या-ओढे एकाच नदीला मिळावेत तसा नकाशा झाला होता. दोन बाण चुकले होते. ते मी नाही, पोरांनीच शोधले, कारण ते बाण '६, २' कडे न जाता भलतीकडे फिरत होते. यंत्राने 'ट्रू' छापलं असतं तर हे भांडण झालंच नसतं आणि या भांडणातच सगळी मजा होती.

भाऊ नंतर म्हणाला, "छान झालं रे, पण माझा अपूर्णांकांचा तास गेला." त्याचंही खरं आहे. त्याला वर्षाअखेर पानं संपवून दाखवायची असतात, मला फक्त फोटो काढून परत जायचं असतं. त्याच्या वेळापत्रकात हे कुठे बसेल याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. पण एक नक्की सांगतो, जो तास बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी तसाही राखलेला असतो, तो पायच्या पोस्टरवर घालवू नका. टॅबलेटही नेऊ नका, चार्जिंगची सोय आहे का ते आधी विचारा. चौकटीच्या वह्या न्या. आणि उत्तर न्या, पण खिशात ठेवा.

कारण वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे राहिली आणि तिने विचारलं, "सर, पाच आकडी घेतले तर?" खिशातलं उत्तर असं आहे की पाच आकड्यांत थांबणारी संख्या नाही, तीन वेगवेगळी चक्रं आहेत, सगळ्यात छोटं ५३९५५ आणि ५९९९४ मधल्या येरझारांचं. मी तिला म्हटलं, करून बघ. चार दिवसांनी भाऊच्या फोनवरून एका वहीच्या पानाचा फोटो आला. त्यावर दोन चक्रं होती, बाणांसकट. तिसरं तिला अजून सापडायचं होतं आणि भाऊने ते सांगू नये म्हणून तिने त्याला तंबी दिली होती.